बंध तुटला की ऊर्जा सुटते: मुलांच्या मनातून हे काढायचं कसं?

चंचुपात्र

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हा धागा काढायला एक उत्तरपत्रिका कारणीभूत आहे. आठवडा झाला, ती डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न साधा होता. हायड्रोजन आणि क्लोरीन वायूंपासून हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. बंध-ऊर्जा दिलेल्या होत्या: हायड्रोजन–हायड्रोजन ४३६, क्लोरीन–क्लोरीन २४२, हायड्रोजन–क्लोरीन ४३१, सगळ्या किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या). (अ) एन्थाल्पीतला बदल, म्हणजे अभिक्रियेत किती उष्णता आत-बाहेर झाली ते, काढा. (आ) बाहेर पडलेली ऊर्जा कुठून आली ते दोन वाक्यांत लिहा.

या मुलीनं (अ) चोख सोडवलं. तुटले ते ४३६ + २४२ = ६७८. जुळले ते २ × ४३१ = ८६२. उत्तर −१८४. चिन्ह बरोबर, एकक बरोबर, उत्तराखाली दोन रेघा. आणि लगेच खाली (आ) मध्ये लिहिलंय: "हायड्रोजन आणि क्लोरीनचे बंध तुटल्यामुळे त्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडली."

तिनंच मांडलेला ६७८ हा आकडा म्हणजे जुने बंध तोडायला घातलेली ऊर्जा. ८६२ म्हणजे नवे बंध जुळताना मिळालेली. मिळालं ते घातलेल्यापेक्षा १८४ नं जास्त, तेवढं बाहेर आलं. सगळं तिच्याच अक्षरात कागदावर आहे आणि तिला ते दिसत नाही. "तुटलेले वजा जुळलेले" हे तिच्यासाठी पाठ केलेलं सूत्र आहे. परीक्षानळीत काय घडतं, हा तिच्या लेखी वेगळाच विषय आहे.

तिला बोलावून विचारलं, "बंध तोडायला ऊर्जा लागते की मिळते?" म्हणाली, "लागते, मॅडम." "मग इथे?" "इथे उष्मादायी आहे ना, म्हणून मिळते."

उष्मादायी म्हणजे उष्णता बाहेर देणारी अभिक्रिया. उत्तर देताना ती जराही अडखळली नाही. मग मी बाकीचे गठ्ठे परत उघडले. बहुतेकांनी (आ) ला तेच लिहिलंय, फक्त शब्द वेगळे. चूक एका मुलीची असती तर पाच मिनिटांत समजावली असती. एवढ्या मुलांची चूक म्हणजे माझ्या शिकवण्यात काहीतरी आहे. तुम्ही शिकवत असाल, शिकत असाल, या विषयात काम करत असाल, तर कृपया लिहा.

पेशीद्रव्य

मॅडम, यात माझा वाटा आहे, तो आधी कबूल करते. मी जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, काढते, शेवटच्या फॉस्फेटच्या बंधाखाली जाड रेघ मारते आणि सांगते, "हा उच्च-ऊर्जा बंध, हा तुटला की पेशीला ऊर्जा मिळते." तुमच्या तासाला मुलं येतात तेव्हा त्यांच्या वहीत हे आधीच लिहिलेलं असतं.

फॉस्फेटचा ऊर्जासमृद्ध बंध ही भाषा फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ साली रूढ केली. त्यासाठी ते नागमोडी रेघेची खूण वापरत. हिशेबासाठी ती सोयीची आहे, म्हणून टिकली. पण एटीपीतला तो बंध तोडायलाही ऊर्जा घालावीच लागते. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते, तेव्हा नवे बंध जुळतात. शेजारी शेजारी दाटलेले ऋणभार एकमेकांपासून सुटतात. वेगळा झालेला फॉस्फेट जास्त स्थिर असतो आणि पाण्याचे रेणू त्याला चांगला वेढा घालतात. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला येऊ शकणारी ऊर्जा. ही ऊर्जा संपूर्ण अभिक्रियेची आहे, एकट्या तुटणाऱ्या बंधाची नव्हे.

यंदापासून फळ्यावर पाण्याचा रेणू काढल्याशिवाय एटीपी काढायचा नाही, असं ठरवलंय.

शब्दवेल्हाळ

मी विज्ञानाचा माणूस नाही, भाषेवर काम करतो. पण धागा वाचताना एक गोष्ट खटकली. मराठीत "बंध" ऐकला की जवळ काय काय उभं राहतं ते बघा. बांध फुटतो आणि अडलेलं पाणी सुटतं. बंधनातून सुटका होते. गाठ सुटली की मोकळं वाटतं. आपल्या भाषेत बंध म्हणजे काहीतरी धरून, दाबून, अडवून ठेवणारी गोष्ट. ती तुटली की आतलं बाहेर येणारच. मुलांच्या मनात धरणाचं चित्र तयार होत असेल आणि ते त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नसेल.

चंचुपात्र

शब्दवेल्हाळ, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि गठ्ठा पुन्हा काढला. एकानं खरोखर "बंध फुटल्यावर" असंच लिहिलंय. मी तो शब्द चुकला म्हणून लाल शाईनं खोडला होता. खोडण्याऐवजी त्याला विचारायला हवं होतं.

पण सगळा दोष शब्दाचा नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंही हुबेहूब हीच चूक करतात आणि तिकडच्या शब्दात धरण नाही. मला वाटतं, मूळ चित्र "साठवण" हे आहे. लहानपणापासून ऐकलेलं असतं की अन्नात ऊर्जा साठलेली असते, इंधनात ऊर्जा साठलेली असते. मग रेणूचं चित्र समोर येतं. त्यात गोळे आणि काड्या. साठवायला जागा कुठली? काडीत.

रात्रपाळी

रासायनिक कारखान्यात पाळीप्रमुख आहे. याच गैरसमजाचं दुसरं रूप मी कामावर पाहिलं आहे, ते सांगतो.

आमच्याकडे एका अभिक्रियेत आधी रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला (भांड्याभोवतीच्या पोकळ आवरणाला) वाफ देऊन तापमान वर न्यावं लागतं. मग वाफ बंद करायची, जॅकेटमध्ये थंड पाणी सोडायचं आणि दुसरं द्रव्य हळूहळू आत सोडायचं. नवीन लागलेला एक मुलगा होता, शिकलेला, हुशार. वाफ बंद झाली, द्रव्य सुरू झालं आणि तापमान चढायला लागलं. त्यानं थंड पाणी वाढवलं नाही. वाट बघत बसला. मी पोचलो तोवर काटा मर्यादेच्या वर गेला होता. आत सोडायचं द्रव्य बंद केलं, पाणी पूर्ण उघडलं, सगळं ताब्यात आलं. नंतर शांतपणे विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, सुरुवातीला उष्णता द्यावी लागते, म्हणजे ही उष्माग्राही, उष्णता घेणारी. मला वाटलं जॅकेटमधली उरलेली वाफ आहे, आपोआप उतरेल."

मेणबत्ती पेटवायला काडी लागते म्हणून मेणबत्तीचं जळणं उष्माग्राही, असं शाळेतली मुलं म्हणतात. त्यानं तेच केलं, पण कित्येक हजार लिटरच्या भांड्यावर. सुरू करायला लागणारी ऊर्जा ही उंबरठ्यासारखी आहे. तो ओलांडल्यावर पुढे खड्डा आहे की चढ, हे उंबरठ्याच्या उंचीवरून कळत नाही.

मोठ्या भांड्याची अडचण आणखी आहे. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो, म्हणजे तयार होणारी उष्णता आठपट. भिंतीचं क्षेत्रफळ मात्र चौपटच होतं आणि उष्णता बाहेर जाते ती भिंतीतून. वर, तापमान दहा अंशांनी वाढलं तर बऱ्याच अभिक्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता जास्त, उष्णता जास्त की वेग आणखी. परीक्षानळी हातात धरून "थोडी कोमट झाली" असं लिहिणाऱ्या मुलाला याची कल्पना येणं शक्य नाही. म्हणून माझी विनंती, शाळेतच या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून द्या: सुरू करायला काय लागतं आणि शेवटी हिशेब काय होतो.

अकरावी_विज्ञान

मॅडम, मी विद्यार्थी आहे, तुमच्या कॉलेजचा नाही. मीही हेच उत्तर लिहिलं असतं. मला एक विचारायचंय. बंधात ऊर्जा साठलेली नसते, तर पेट्रोलमध्ये ऊर्जा नसते का? मग गाडी कशावर चालते? आणि तोडायलाच ऊर्जा लागत असेल तर जळताना सुरुवातीची ऊर्जा कुठून येते?

चंचुपात्र

तुझे दोन्ही प्रश्न नेमके आहेत. आधी दुसरा घेते. सुरुवातीची ऊर्जा ठिणगी देते. तिनं थोड्याच रेणूंचे बंध तुटतात. त्यांचे नवे बंध जुळताना जी ऊर्जा मिळते, त्यातून शेजारच्या रेणूंचे बंध तुटतात. पुढे ठिणगी लागत नाही, जळणंच जळण्याला पुरतं. रात्रपाळी म्हणतात तो उंबरठा हाच.

आता पेट्रोल. पेट्रोलचा रेणू लांबलचक असतो, त्यापेक्षा मिथेन घे, हिशेब हातानं होईल. एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजन. मिथेनमधले कार्बन–हायड्रोजन बंध चार, प्रत्येकी सुमारे ४१३, एकूण १६५२. ऑक्सिजनचे दुहेरी बंध दोन, प्रत्येकी ४९८, एकूण ९९६. तोडायला लागले २६४८. आता जुळणी: कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे १५९८. पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन–हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४६३, म्हणजे १८५२. मिळाले ३४५०. फरक ८०२. पाणी वाफेच्या रूपात राहिलं तर मिथेनच्या ज्वलनाची प्रत्यक्ष मोजलेली किंमतही जवळपास एवढीच येते.

आता या यादीत मिथेनच्या बंधांकडे बघ. ते तोडायला १६५२ खर्च झाले. मिथेन एकटा ठेवला तर त्यातून एक ज्यूलही मिळणार नाही. ऊर्जा आहे ती "मिथेन अधिक ऑक्सिजन" आणि "कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी" या दोन स्थितींमधल्या फरकात. पेट्रोलचंही तसंच. टाकीत अर्धी जोडी असते, उरलेली अर्धी गाडी हवेतून घेते.

निवृत्त_अध्यापक

मॅडमनी शेवटी जे म्हटले आहे त्याला एक भक्कम आधार आहे, तो येथे नोंदवतो. निरनिराळ्या सेंद्रिय इंधनांच्या ज्वलनातली उष्णता इंधनाच्या मोलमागे मोजली तर आकडे कुठल्या कुठे पसरलेले दिसतात. तीच वापरलेल्या ऑक्सिजनच्या मोलमागे मोजा. मिथेन ४४५, ऑक्टेन ४३८, ग्लुकोज ४६७ किलोज्यूल, तयार होणारे पाणी द्रवरूप धरून. शुद्ध कार्बनसुद्धा ३९४. रेणू इतके वेगळे असूनही आकडे एकाच गावचे. थॉर्नटन यांनी ही नियमितता १९१७ साली मांडली. पुढे १९८० मध्ये क्लेटन हगेट यांनी आगीच्या अभ्यासासाठी ती पक्की केली: खर्च झालेल्या दर ग्रॅम ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ किलोज्यूल. आज आगीची तीव्रता मोजताना काय जळते आहे ते ठाऊक नसले तरी चालते. धुरात ऑक्सिजन किती घटला ते मोजतात.

कारण ऑक्सिजनच्या बंधात आहे. ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८ वर तुटतो. कार्बन डायऑक्साइडमधला दुहेरी बंध ७९९ ला. सैल जोड मोडून घट्ट जोड बांधले जातात म्हणून उष्णता मिळते. "इंधनात ऊर्जा साठते" या वाक्याऐवजी मी वर्गात "ऑक्सिजनचा जोड सैल आहे" येथून सुरुवात करीत असे. मुले चकित होत, आणि चकित झालेला वर्ग ऐकतो.

पाना_पक्कड

घरी मुलाला शिकवतो. मी त्याला दाबलेल्या स्प्रिंगचं उदाहरण दिलं होतं. दोन चेंडूंमध्ये स्प्रिंग, सोडली की उसळते. त्याला पटकन समजलं. हे चूक आहे का?

चंचुपात्र

समजलं, पण नेमकं उलटं समजलं. दाबलेली स्प्रिंग सोडली की ऊर्जा देते, म्हणजे पुन्हा "बंध सुटला, ऊर्जा मिळाली". स्प्रिंग आवरून ठेवा आणि दोन चुंबक आणा.

मी या आठवड्यात हे वर्गात केलं, सविस्तर सांगते. प्रत्येक जोडीला दोन चपटे चुंबक दिले. आधी ते चिकटवायचे. मग डोळे मिटून हळूहळू ओढून वेगळे करायचे आणि बोटांना काय वाटतं ते लिहायचं. "ओढावं लागलं", "शेवटी एकदम सुटलं", "बोट दुखलं" असं लिहिलं. मग उलट. चुंबक टेबलावर थोडे दूर ठेवायचे आणि जवळ सरकवत न्यायचे. ठरावीक अंतरावर ते हातातून निसटून धावतात आणि टक् असा आवाज होतो. मी विचारलं, "हा आवाज कुठून आला?" पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आपटले म्हणून." "आपटले कशामुळे?" "ओढले गेले म्हणून." "आवाज ही ऊर्जा आहे?" "आहे." "मग ती चिकटताना आली की सुटताना?" वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरून हळू आवाजात "चिकटताना" आलं.

त्या मुलीनं, जिच्या उत्तरपत्रिकेपासून हा धागा सुरू झाला, तिनं चुंबक सात-आठ वेळा जोडले आणि सोडवले. काही बोलली नाही.

निवृत्त_अध्यापक

चुंबकाचा प्रयोग उत्तम. मर्यादा एकच सांगून ठेवावी: अणू फार जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात, चुंबक तसे करीत नाहीत. हायड्रोजनचे दोन अणू ७४ पिकोमीटर अंतरावर स्थिरावतात. ती त्यांची दरी. त्या दरीतून बाहेर काढायला मोलमागे ४३६ किलोज्यूल चढ चढावा लागतो.

तुमच्या टक् आवाजाचे रसायनातले रूप मोठे सुंदर आहे. हायड्रोजनचे दोन सुटे अणू मोकळ्या जागेत आदळले तर सहसा जुळत नाहीत. जुळताना बाहेर पडणारी ऊर्जा घेऊन जायला कोणी नसते, त्यामुळे ते तसेच परत उसळतात. तिसरा रेणू किंवा भांड्याची भिंत जवळ असेल तर ती ऊर्जा घेते आणि जोडी टिकते. आयर्विंग लँगम्युअर यांनी याचाच उपयोग करून अणु-हायड्रोजन वेल्डिंग विकसित केले. टंगस्टनच्या दोन विद्युतकांमधल्या ठिणगीतून हायड्रोजन सोडायचा. ठिणगीची ऊर्जा घेऊन रेणूंचे अणू होतात. ते धातूच्या पृष्ठभागावर पोचले की पुन्हा जुळतात आणि तेथे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या पृष्ठभागावर काहीही तुटत नाही, फक्त जुळते. "बंध तुटला की उष्णता" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

सातवीची_ताई

मी लहान वर्गांना शिकवते. हे सगळं वाचताना आनंद होतोय, पण माझी मुलं बंध, मोल यांच्या फार अलीकडे आहेत. त्यांच्यापुढचा पेच वेगळा आहे.

सायट्रिक आम्लाच्या द्रावणात खाण्याचा सोडा टाकतो. फसफसतं आणि भांडं गार पडतं. मी सांगते, ही उष्माग्राही. परवा एका मुलानं हात वर केला: "ताई, ग्राही म्हणजे घेणारी ना? उष्णता घेतली तर ते गरम व्हायला पाहिजे. गार का झालं?" शेजारची म्हणाली, "थंडी बाहेर आली म्हणून."

मी जे उत्तर दिलं त्यानं माझंच समाधान झालं नाही. तुम्ही काय सांगाल?

चंचुपात्र

ताई, हा प्रश्न बारावीच्या मुलांनाही पडतो, फक्त तोवर ती विचारायची थांबलेली असतात.

पेच "कोणी घेतली" यात आहे. आपण "अभिक्रिया उष्णता घेते" म्हणतो आणि मुलं "अभिक्रिया" म्हणजे अख्खं भांडं समजतात. भांड्यात पाणीही आहे. अभिक्रिया करणारे कण वेगळे आणि ते ज्या पाण्यात आहेत ते पाणी वेगळं. तापमापी त्या पाण्यात बुडालेला असतो. कणांनी घेतलं, पाण्यानं दिलं. ज्यानं दिलं ते गार पडलं, आणि आपण मोजतो ते देणाऱ्याचं तापमान. तुमच्या मुलाला सांगा, त्याचं "घेणारी" बरोबर आहे, फक्त तापमापी घेणाऱ्याच्या खिशात नाही, देणाऱ्याच्या खिशात आहे.

पुढचा प्रश्न येईलच: मग घेणारे कण तरी गरम का होत नाहीत? तिथे बर्फ उपयोगी पडतो. वितळणारा बर्फ दर ग्रॅमला ३३४ ज्यूल घेतो आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्य अंशावरच राहतो. घेतलेली उष्णता कणांचा वेग वाढवण्यात गेली नाही, त्यांची मांडणी बदलण्यात गेली. सोड्याच्या भांड्यातही घेतलेली ऊर्जा नव्या मांडणीत गेली.

आणि "थंडी बाहेर आली" म्हणणाऱ्या मुलीला विचारा, भांडं धरलेला तुझा हात गार झाला, म्हणजे हातातून काय गेलं?

निवृत्त_अध्यापक

त्या मुलीला रागावू नका, ताई. उष्णता हा पदार्थ आहे असे मोठमोठे लोक मानीत होते. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाचा कॅलरीमापी वापरून किती बर्फ वितळला यावरून उष्णता मोजली. त्याच लाव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांच्या यादीत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या पंगतीला कॅलरिक, म्हणजे हा मानलेला उष्णता-पदार्थही बसवला.

दुसरीही एक गोष्ट या भांड्यात आहे. ज्युलियस थॉमसन आणि बर्थेलो या एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना वाटे की आपोआप होणारी अभिक्रिया उष्णता देणारीच असणार. उष्मादायी आणि उष्माग्राही हे शब्द ज्यांनी घडवले ते हेच बर्थेलो. पण सायट्रिक आम्ल आणि सोडा कोणी न तापवता फसफसतात आणि तरी गार पडतात. कारण वायू सुटतो, कण मोकळे पसरतात, आणि ऊर्जा किती पसरते याचाही हिशेब निसर्ग ठेवतो. गिब्ज यांनी १८७० च्या दशकात दोन्ही हिशेब एकत्र मांडले. सातवीला हे सांगू नका. पण "आपोआप होते म्हणजे उष्मादायी" असे वाक्य चुकूनही वहीत जाऊ देऊ नका.

पाना_पक्कड

चुंबक आणले. आता मुलानं उलटाच प्रश्न टाकलाय. आमच्याकडे शेकायची एक पिशवी आहे, आत सोडियम ॲसिटेटचं द्रावण आणि धातूची छोटी चकती. चकतीला टिचकी मारली की पांढरे स्फटिक धावत जातात आणि पिशवी गरम होते. तो म्हणतो, "गोठलं की गार व्हायला पाहिजे. हे गोठताना गरम कसं?" चुंबकाचंच उत्तर ना?

चंचुपात्र

चुंबकाचंच. कण जागेवर जुळले, ऊर्जा बाहेर आली. ते द्रावण खरं म्हणजे ५८ अंशांच्या आसपासच गोठायला हवं, पण सुरुवात करून देणारा स्फटिक नसल्यानं खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतं. टिचकीनं सुरुवात झाली की थांबत नाही. आता त्याला विचारा, पिशवी पुन्हा वापरण्याजोगी करायला उकळत्या पाण्यात का ठेवतात?

रात्रपाळी

उष्णता आणि तापमान यांतला गोंधळही धाग्यात यायला हवा. नवीन मुलांना मी एक प्रश्न विचारतो. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलिलिटर एकत्र केलं, तापमान पावणेसात अंशांच्या आसपास वाढलं. आता दोन्ही १०० मिलिलिटर घेतले तर किती वाढेल? "दुप्पट" असं उत्तर हमखास येतं.

उदासिनीकरणात मोलमागे साधारण ५७ किलोज्यूल. पहिल्यांदा ०.०५ मोल, म्हणजे २८५० ज्यूल, आणि तापवायला १०० ग्रॅम द्रावण. १०० ग्रॅम द्रावण एक अंश तापवायला सुमारे ४१८ ज्यूल लागतात. २८५० भागिले ४१८, आले ६.८. दुसऱ्यांदा उष्णता दुप्पट आणि द्रावणही दुप्पट. पुन्हा ६.८. थर्माकोलच्या पेल्यात स्वतः करून बघा. तापमापी दुसऱ्यांदा त्याच आकड्यावर थांबतो तेव्हा मुलं तो हलवून बघतात.

पेशीद्रव्य

पाण्याच्या रेणूसकट एटीपी काढून झाला. तास दहा मिनिटं लांबला. एका मुलानं विचारलं, "मग उच्च-ऊर्जा बंध कशाला म्हणतात?" मी सांगितलं की नाव जुनं आहे, हिशेबाच्या सोयीचं आहे, आणि परीक्षेत ते आलं तर अर्थ काय घ्यायचा. पुस्तकात ते आहे तोवर मी टाळू शकत नाही. मॅडम, हा तिढा तुमच्याही वाट्याला येत असेल.

चंचुपात्र

येतो. मी वहीत दोन रकाने करायला लावते. डावीकडे "पुस्तकातले शब्द", उजवीकडे "काय घडतं". डावीकडे "इंधनात ऊर्जा साठलेली असते". उजवीकडे "सैल जोड मोडून घट्ट जोड होतात तेव्हा फरक बाहेर येतो". परीक्षेला कुठला रकाना आठवायचा हे मुलांना बरोबर कळतं.

काल पुन्हा छोटी चाचणी घेतली. हायड्रोजन-क्लोरीन मुद्दाम टाळलं. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन कायम शेजारी असतात, मग ते एकमेकांत जळत का नाहीत, एवढाच प्रश्न. नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५, ऑक्सिजनचा ४९८, नायट्रिक ऑक्साइडमधला ६३१ हे आकडे दिले. सूत्र फळ्यावर लिहिलं नाही.

काही जण जुन्या जागीच आहेत. "नायट्रोजनचा बंध मजबूत आहे, त्यात जास्त ऊर्जा आहे" असं तिघा-चौघांनी लिहिलंय, त्यांना पुन्हा चुंबक देणार आहे. काहींनी फक्त आकडेमोड केली.

त्या मुलीनं आकडेमोडीच्या आधी वाक्य लिहिलंय. जसंच्या तसं देते: "तोडायला ९४५ आणि ४९८ मिळून १४४३ द्यावे लागतात. जुळल्यावर फक्त १२६२ परत मिळतात. १८१ कमी पडतात, म्हणून एका रेणूची जुळणी शेजारच्या रेणूला तोडू शकत नाही."

मी शेजारी लिहिलं: "विजा चमकतात तेव्हा आणि गाडीच्या इंजिनात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तिथे कमी पडणारे १८१ कोण देतं?" आणि वही परत केली.

अकरावी_विज्ञान

मॅडम, तिच्या आधी मी सांगू? आकाशात विजेची ऊर्जा देते. इंजिनात पेट्रोल आणि ऑक्सिजनचे नवे बंध जुळताना जी उष्णता येते, ती देते.

चंचुपात्र

बरोबर. तिनंही आज हेच लिहून आणलंय, खाली दोन रेघांसकट.